कमानिया गेटची डीलर

कमानिया गेटपासून दोन गल्ल्या आत, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर अण्णांचं शेअर दलालीचं ऑफिस होतं. विनता तिथं बावीस वर्षं डीलर होती. डीलर म्हणजे गिऱ्हाईक फोनवर सांगेल तो सौदा कॉम्प्युटरवर टाकणारा माणूस. ऐकायला सोपं काम. पण बोट घसरलं की शंभराचे हजार शेअर होतात, विकायचं ते घेतलं जातं. म्हणून विनता प्रत्येक ऑर्डर आधी मोठ्यानं वाचायची, समोरच्याचा होकार ऐकायची आणि मगच बटण दाबायची. घाईतली माणसं चिडायची. ती शांतपणे तिथल्या हिंदीत म्हणायची, "भैया, दो सेकंद लगेंगे." बावीस वर्षांत तिच्या हातून तीन चुका झाल्या होत्या आणि तिन्हींच्या तारखा तिला पाठ होत्या.

अण्णा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून त्यांनी हे ऑफिस थाटलं. डीलरच्या जागेसाठी सात जण आले होते, सहा मुलगे आणि विनता. सहाही जणांनी कोणता शेअर वर जाणार यावर भाषण ठोकलं. विनतानं फक्त विचारलं, "ऑर्डर चुकली तर पैसे कोण भरणार?" अण्णांनी तिला दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं. चेरीतालला तिच्या सासरी कुजबुज झाली; बाईमाणसानं सट्ट्याच्या दुकानात बसायचं म्हणजे काय. तिचा नवरा हेमचंद्र रेल्वेच्या ऑफिसात होता. तो फारसा बोलणारा नव्हता. त्यानं तिच्यासाठी नवा डबा आणला, आणि विषय तिथंच संपला.

ऑफिसच्या खिडकीपाशी बसून विनतानं माणसांचे आवाज ओळखायला शिकून घेतले. सकाळी नफा झालेला माणूस दुपारी पुन्हा फोन करतो तेव्हा त्याचा आवाज बदललेला असतो. तो भराभर बोलतो, मध्येच हसतो, आणि सकाळच्या दुप्पट माल मागतो. तोट्यातला माणूस उलट इतका हळू बोलतो की त्याला पुन्हा विचारावं लागतं. गिऱ्हाइकांत पुरुष जास्त, त्यामुळे हा रोग पुरुषांचाच असं तिला बरीच वर्षं वाटत होतं. मग बेबीकाकू आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या कडक आवाजात असे सौदे सांगायच्या की ऑफिसातले दांडगे व्यापारीही माना वळवून बघायचे. पैसे बुडाले तरी बेबीकाकूंचा आवाज तसाच. तेव्हापासून विनतानं बायका अशा आणि पुरुष तसे असं म्हणणं सोडून दिलं.

अण्णांना ऐंशी लागली तसं ऑफिस त्यांचा मुलगा अंबरीश बघू लागला. विनता नोकरीला लागली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, कॉलेज संपवून वडिलांच्या हाताखाली आलेला. आता पंचेचाळीस. स्वभावानं गरीब. कोणाचं नुकसान झालं की यालाच जेवण जायचं नाही. अण्णा चारचौघांत म्हणायचे, "आमचा अंबरीश जरा मऊ आहे." तो हसून मान खाली घालायचा. गिऱ्हाइकांसमोर विनता त्याला अहोजाहो करायची, एरवी अरेतुरे. तो तिला दीदी म्हणायचा.

एका वर्षी डेंग्यूतून उठल्यावर त्याला महिनोन्महिने थकवा राहिला. कोणीतरी सांगितलं म्हणून राइट टाउनमधल्या एका जिममध्ये जाऊ लागला. तिथल्या ट्रेनरनं सांगितलं, भैया, या वयात पुरुषांचं हार्मोन कमी होतं, दर आठवड्याला एक सुई घ्या, पाहा कसे घोडे होता. ना तपासणी, ना डॉक्टरची चिठ्ठी. अंबरीशनं हे विनताला स्वतःच सांगितलं, जरा लाजत, जरा फुशारकीनं.

सुरुवातीला विनताला तो बदल आवडला. अंबरीश ताठ चालू लागला. मोठ्यानं हसू लागला. साड्यांच्या दुकानवाल्याशी वर्षानुवर्षं चाललेलं जिन्यातल्या गठ्ठ्यांचं भांडण त्यानं पाच मिनिटांत मिटवलं. एक दिवस ऑफिसातल्या सगळ्यांसाठी खोव्याची जिलेबी आणली. हा असा आधीच असता तर, असं तिच्या मनात आलं.

मग तो स्वतःच्या खात्यात ऑप्शनचे सौदे करू लागला. शेअरचा भाव अमुक दिवशी वर जाईल की खाली, यावर थोड्या पैशात मोठी बाजी लावायचा हा प्रकार. त्याचा निकाल तेव्हा गुरुवारी लागायचा. पहिले तीन गुरुवार अंबरीश जिंकला. चौथ्या गुरुवारी दुपारी काचेच्या केबिनमधून त्यानं विनताला सौदा सांगितला, आणि तिला तो आवाज ऐकू आला. भराभर, मध्येच हसणारा. बावीस वर्षं फोनमधून ऐकलेला आवाज आता चार पावलांवरून येत होता.

"अंबरीश, हा मागच्यापेक्षा तिप्पट आहे," ती म्हणाली.

"मग? मागचा आला ना?"

"आला. म्हणूनच विचारून राहिले."

"दीदी, तुम्ही काहून एवढ्या घाबरता? टाका."

तिनं टाकला. तोही जिंकला.

त्याच दिवसांत विनताचं स्वतःचंही काही ठीक नव्हतं. ती एकोणपन्नाशीची. बसल्या बसल्या छातीतून आग उठायची, मानेवर घामाचे ओघळ यायचे, आणि दोन मिनिटांनी थंडी वाजायची. रात्री तीन तासांवर झोप नाही. कधी नव्हे ते गिऱ्हाइकाचं नाव आठवेना. एकदा एक शून्य जास्त टाकलं गेलं. मोठ्यानं वाचायची सवय होती म्हणून वेळेवर लक्षात आलं. त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला. ऑर्डर टाकल्यावरही ती तीन-तीनदा उघडून बघायची. टेबलफॅन स्वतःकडे वळवून घ्यायची आणि कोणी विचारलं तर ऊन म्हणायची. त्यामुळे अंबरीशच्या सौद्यांची तिला वाटणारी धास्ती खरी की आपल्या वयाची, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

एका बुधवारी दुपारी अण्णांचा घरून फोन आला.

"विनता, मोबाइलवर सहा आकडे आले. अंबरीश म्हणून राहिला, लवकर सांगा. कशाचे आहेत गं?"

कशाचे असतील ते तिला लगेच कळलं. अण्णांनी चाळीस वर्षांत जमवलेले शेअर तारण ठेवायचे आणि त्यावर अंबरीशनं मोठी बाजी लावायची. ते आकडे म्हणजे अण्णांची संमती. केबिनच्या काचेतून तिला अंबरीशची पाठ दिसत होती. तो दुसऱ्या फोनवर होता. पगार तो देत होता. फोन ठेवून देता आला असता, किंवा त्यालाच विचारा म्हणता आलं असतं.

"अण्णा, तुमचे शेअर तारण ठेवायचे आकडे आहेत ते," ती म्हणाली. "शेअर तुमचे आहेत. द्यायचे तर द्या, पण कशासाठी ते त्याला विचारून द्या."

अण्णांनी आकडे दिले नाहीत. दहा मिनिटांत अंबरीश केबिनबाहेर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"काय सांगितलं तुम्ही अण्णांना?"

"त्यांनी विचारलं ते."

"माझ्या ऑफिसात बसून?"

"त्यांच्या शेअरबद्दल त्यांनाच सांगितलं, अंबरीश."

दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "वय झालं की बायकांचं असंच होतं. सगळ्याचीच भीती वाटून राहते." मग पुन्हा आत गेला आणि दार लावून घेतलं.

आणि दुसऱ्या दिवशी बाजार वर गेला. थोडाथोडका नव्हे, अंबरीशनं म्हटलं होतं त्याहूनही जास्त. साडेतीनला व्यवहार बंद झाल्यावर तो बाहेर आला. एका कागदावर मोठा आकडा लिहून त्यानं तो तिच्या कीबोर्डवर ठेवला. अण्णांचे शेअर मिळाले असते तर झाला असता तो नफा.

"ही तुमच्या भीतीची किंमत," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

विनता त्या दिवशी चेरीतालपर्यंत चालत गेली. तिचं म्हणणं चूक निघालं होतं, आणि समोर आकडा होता. हेमचंद्रनं चहा पुढे केला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आता या कामाची राहिले नाही बहुतेक," ती म्हणाली. हेमचंद्रनं कप तिच्या हातात ठेवला. मग म्हणाला, "उद्या सुट्टी टाक. डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टर मीरा स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. विनतानं खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, "डॉक्टर, मला खरं सांगा. मी घाबरट होऊन राहिले का?"

"झोप किती होते?"

"तीन तास. कधी साडेतीन."

"तर मग आधी झोपेचं पाहू. घाबरट आहात की नाही, ते नंतर ठरवू."

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, छातीची तपासणी करून घ्यायला सांगितली, घरात कोणाला कॅन्सर होता का, पायात रक्ताच्या गाठी झाल्या होत्या का, सगळं विचारून घेतलं. पाळी जाण्याच्या वयात शरीरातलं हार्मोन कमी होतं, त्यानं ही आग, हा निद्रानाश आणि मनाची धाकधूक वाढते, हे समजावलं. अहवाल नीट आले तर दंडावर चोळायची जेल आणि सोबत एक गोळी देता येईल, म्हणाल्या.

विनतानं मग नाव न घेता अंबरीशच्या सुईचं विचारलं. त्यानं माणूस मोठे सौदे करू लागतो का?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "परदेशात सौदे करणाऱ्या पुरुषांची लाळ तपासून पाहिली आहे. ज्या सकाळी ते हार्मोन जास्त, त्या दिवशी कमाईही जास्त, असं काहींत दिसलं. काही प्रयोगांत औषध दिल्यावर माणसं जास्त जोखीम घेऊ लागली, काहींत काहीच फरक पडला नाही. एवढ्यावरून कोण्या एका माणसाबद्दल मी नाही सांगू शकत. पण तपासणीशिवाय दर आठवड्याला सुई म्हणजे गडबड आहे. रक्त घट्ट होतं. त्यांना सांगा."

"आणि बायका कमी हिंमतीच्या असतात, हे?"

"सरासरी काढली तर बायका थोड्या जपून खेळतात. पण माझ्याकडे सरासरी येत नाही, तुम्ही येता."

विनतानं अंबरीशला सुईचं सांगून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं नाही, कारण त्या कागदानंतर आपल्या बोलण्याला वजन उरलं नाही असं तिला वाटत होतं. या न बोलण्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

तिचे अहवाल नीट आले आणि दंडावरची जेल सुरू झाली. तीन आठवड्यांनी ती एका सकाळी जागी झाली आणि घड्याळात साडेसहा वाजले होते. अख्खी रात्र झोपली होती. स्वयंपाकघरात उभी राहून ती उगाचच हसली.

त्याच सुमाराला एका गुरुवारी बाजार फिरला. अंबरीशनं घरची बचत आणि प्लॉट विकून आलेले पैसे मिळून बाजी लावली होती. अकरापर्यंत तो नफ्यात होता. बाराला नफा गेला, मग मुद्दलही जाऊ लागलं. विनता केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. "काप सौदा, आहे त्या भावाला बाहेर निघ. अजून अर्धं वाचेल."

"परत येईल. थांबा."

एक वाजता तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं नुसता हात वर केला. दोन वाजता ती पुन्हा दारात आली. तो स्क्रीनकडे बघत होता आणि त्याच्या नाकातून रक्त येत होतं. ते ओठावरून शर्टावर उतरलं तरी त्याला कळलं नव्हतं. विनतानं आधी त्याच्या नाकाला रुमाल लावला, डोकं पुढे झुकवून नाक चिमटीत धरलं. दुसऱ्या हातानं फोन फिरवून रिक्षा बोलावली.

"दीदी, सौदा," तो रुमालातून म्हणाला.

"कापू?"

त्यानं एकदा स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "कापा."

तिनं ती ऑर्डरही आधी वाचून दाखवली. वाचलं ते फारच थोडं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, काय घेता? अंबरीशनं विनताकडे पाहिलं. विनतानं सांगितलं. रक्त इतकं घट्ट झालं होतं की एक बाटलीभर काढून टाकावं लागलं. अजून दोन महिने असंच चाललं असतं तर झटका आला असता, डॉक्टर म्हणाले. सुई त्या दिवसापासून बंद.

खरा कठीण काळ त्यानंतर आला. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर अंबरीशच्या शरीरानं स्वतःचं हार्मोन बनवणं थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू व्हायला काही महिने लागणार होते. तो ऑफिसात यायचा आणि बसून राहायचा. चहा घेऊ की कॉफी, हेही त्याला ठरवता येईना. एका गिऱ्हाइकानं दहा शेअरची ऑर्डर सांगितली तर त्यानं फोन विनताकडे दिला. ऑफिस तीच चालवत होती. कीबोर्डवर ठेवलेला तो कागद तिनं कधीच फाडून टाकला होता आणि त्याचा विषय काढला नव्हता.

एका शनिवारी, बाजार बंद असताना, तो तिच्या टेबलासमोर येऊन बसला.

"दीदी, मी तुम्हाला त्या दिवशी लोकांसमोर जे बोललो..."

"बोललास. मला लागलं."

"हो." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "एक सांगू? त्या चार महिन्यांत अण्णा एकदाही मला मऊ म्हणाले नाहीत. जेवताना माझ्याकडे बघून राहायचे. मला तेच पाहिजे होतं. पैशाचं तर मला काही..." त्याचा आवाज फुटला. "आता मला सांगा, खरा मी कोणता? तो की हा?"

विनतानं टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. तिलाही हा प्रश्न पडला होता. तो सुई टोचून घेत होता, ती रोज सकाळी दंडाला जेल चोळत होती. तिची तपासून दिलेली, त्याची चोरटी, एवढा फरक होता. पण आता शांत झोपून उठणारी विनता खरी, की घामानं भिजून तीनदा ऑर्डर तपासणारी?

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण तो जो होता ना, गठ्ठ्यांचं भांडण मिटवणारा, जिलेबी आणणारा, तो मला आवडायचा. त्याचे सौदे नाही आवडायचे."

अंबरीश रडता रडता हसला. किती तरी आठवड्यांनी.

दिवाळीनंतर अण्णांनी तिला घरी बोलावलं. अंबरीशही होता. अण्णांनी सरळ सांगितलं की ऑफिस तू सांभाळ, पगार दीडपट करतो. विनतानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पगार नको, अण्णा. भागीदारी द्या. अर्धी. माझे साठवलेले पैसे घालते. नफा अर्धा, तोटाही अर्धा."

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला. "तोटा होऊन राहिला आहे, विनता. लोक मोबाइलवरून सौदे करून राहिले. माहीत आहे ना?"

"मी बसते ना तिथं. माहीत आहे."

घरी हेमचंद्रला सांगितलं तेव्हा तो घाबरला. आयुष्यभर महिन्याच्या एक तारखेवर जगलेला माणूस. त्यानं भीत भीत विचारलं, "हे त्या औषधामुळे तर नाही ना?"

तिला राग आला नाही. "असेलही थोडं," ती म्हणाली. "झोप झाली की डोकं चालतं. पण मनात दहा वर्षांपासून होतं." मग दोघांनी बसून किती घालायचे आणि किती राखायचे ते ठरवलं. त्यांच्या मुलीच्या नावावरचे पैसे त्यांनी हातही न लावता बाजूला ठेवले.

भागीदारीचे कागद झाले. ऑप्शनच्या नादाची निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या सहा महिन्यांत सोडून गेली. बेबीकाकू मात्र राहिल्या. कमाई घटली, आणि एका महिन्यात तर विनताला स्वतःला काहीच मिळालं नाही. अंबरीश हळूहळू सावरला. साध्या गोष्टी ठरवता येऊ लागल्या, भूक परतली. त्यानं सौद्यांचं काम मागितलं नाही. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन त्यांच्या बचतीचं समजावून सांगायचं काम घेतलं, आणि ते त्याला साधत होतं. माणसं त्याच्याशी मोकळेपणानं बोलायची. अण्णा अजूनही त्याला मऊ म्हणायचे. पण एकदा तसं म्हणाले तेव्हा अंबरीशनं मान खाली घातली नाही. "आहे," एवढंच म्हणाला. अण्णांनी मग विषय बदलला.

मागच्या मार्चमध्ये बरगी धरणाजवळच्या एका गावातल्या महिला बचत गटानं दोघांना बोलावलं होतं. मासे विकून जमवलेले पैसे कुठे ठेवावेत, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. शाळेच्या पडवीत सतरंजीवर वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. अंबरीशनं तासभर सोप्या हिंदीत सांगितलं. शेवटी मागे बसलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "भैया, डूबेगा तो नहीं?"

अंबरीशनं विनताकडे पाहिलं नाही. "डूब सकता है, अम्मा," तो म्हणाला. "पूरा नहीं, पर कुछ डूब सकता है."

पुढच्या बायका वळून म्हातारीकडे बघू लागल्या. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतून उठून आलेली ती माणसं होती.

"हमारा तो गाँव डूबा है," म्हातारी म्हणाली. "ठीक से समझाओ. फिर से."

तो उठायला लागला होता, तो पुन्हा सतरंजीवर मांडी घालून बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. विनता बायकांच्या रांगेत सरकून बसली, एकीनं दिलेला चहाचा ग्लास घेतला आणि ऐकत राहिली.